विवराचे म्हातारपण

आमच्या उंबरमाळीला खड्ड्याचे अप्रूप नाही. कसारा लोकलने खर्डी मागे टाकली की लागते ते आमचे स्टेशन. पावसाळ्यात इथे समोरचा डोंगर दिसेनासा होईपर्यंत कोसळते आणि वैशाखात बायका डोक्यावर हंडे घेऊन कोस कोस चालतात. मुंबईला पाणी पाजणारी धरणे आमच्याच शहापूर तालुक्यात आहेत. पण ते रडगाणे पुन्हा कधीतरी. सांगायचे ते इतकेच, की पाणी धरून ठेवील असा खड्डा आमच्याकडे संपत्तीत मोजतात. शेततळी खणतात, ओढ्याला बांध घालतात, जुन्या विहिरी खोल करतात. खणण्याचा उत्सव चार दिवसांचा. पुढचा सारा जन्म गाळ उपसण्यात जातो. शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यांना मी एकदा म्हटले, "बाबा, दोन पुरुष खोल खणलं होतं ना हे तळं? चार वर्षांत कमरेइतकंच उरलं की!" त्यांनी घमेले खाली ठेवले नि म्हणाले, "मास्तर, खड्ड्याला भर म्हणून सांगावं लागत नाय. भरू नको म्हणून मात्र रोज सांगावं लागतं."

हे वाक्य मला पुन्हा आठवले ते वर्गात. लीळाचरित्र शिकवीत होतो. श्रीचक्रधरांच्या भ्रमंतीत लोणारचा मुक्काम येतो. तेराव्या शतकातल्या त्या लोणारातही आजचेच विवर होते, आजचेच खारे पाणी होते, एवढे सांगून मी पुढे सरकणार, तोच मागच्या बाकावरून आमच्या तालुक्यातल्या एका मुलाने विचारले, "सर, मग ते अजून बुजलं कसं नाही?"

आता या प्रश्नाचे उत्तर काही मोरो केशव दामल्यांच्या व्याकरणात मिळण्यासारखे नव्हते. मी मराठीचा अध्यापक. दगडधोंड्यांत माझा अधिकार तो काय! पण प्रश्न खरा होता, आणि गाळाचे घमेले वाहिलेल्या मुलाने तो विचारला होता. मी वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो, लोणारलाही जाऊन आलो. जे हाती लागले ते या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. जरा कडक आहे, चकलीसारखे. पण दाताखाली धरून पाहावे.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात. गावातून चालत जाताना पुढे काही आहे याचा पत्ताच लागत नाही, आणि एकाएकी पायांखालची जमीन संपते. समोर जवळजवळ वाटोळा असा प्रचंड खळगा. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, काठावरून खालच्या पाण्यापर्यंत जवळपास दीडशे मीटर. काठाला उभे राहून मागे वळून पाहिले, तर ध्यानात येते की आपण भोवतालच्या माळापेक्षा वीसएक मीटर उंचावर चढून आलो आहोत. ही उंची लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

जुनी कथा अशी, की इथे भुयारात लवणासुर राहत होता आणि विष्णूने भुयाराचे झाकण उडवून त्याचा वध केला. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्या पराक्रमाचे. झाकण उडाले, ही कल्पना मला तरी फार नामी वाटते. कारण शास्त्रज्ञांना उडालेल्या झाकणाचा पत्ता लागायला त्या मानाने बराच वेळ लागला. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बहुतेक पंडित त्याला ज्वालामुखीचा उद्योग समजत होते. त्यात नवल नाही. चोहोंकडे लाव्हाचाच काळा दगड. त्यात भोक दिसले तर ते लाव्हानेच पाडले असे कुणालाही वाटेल. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातल्या अशाच एका विवराचा विचार करताना लोणारचे उदाहरण घेतले. आणि ॲरिझोनाच्या बाबतीत कौल दिला तो वाफेच्या स्फोटाला! पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांनी मिळून लोणारच्या तळाला भोके पाडली आणि १९७३ साली निकाल प्रसिद्ध झाला. तळाशी सुमारे शंभर मीटर गाळ. त्याखाली चुरडलेला, चिरडलेला दगड. आणि त्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच. ही काच विस्तवाने होत नाही. प्रचंड धक्क्याने दगडातल्या एका खनिजाची घडीच मोडते आणि ते न वितळताच काच होऊन बसते. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो आकाशातूनच यावा लागतो.

आलेला धोंडा शंभरएक मीटरचा असेल, कदाचित त्याहूनही लहान. पण वेग सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर. इथे उंबरमाळीला कप ओठाला लावावा आणि चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत धोंडा नाशिकच्या पलीकडे गेलेला असावा, असा तो वेग. विवर तयार व्हायला मिनिटसुद्धा लागले नसेल. जमीन खणली गेली नाही, फेकली गेली. काठावरचे लाव्हाचे थर वर उचलले गेले आणि काही ठिकाणी तव्यावरचे थालीपीठ उलटावे तसे बाहेरच्या बाजूला उताणे पडले. त्यांच्यावर आतून उडालेला मालमसाला किलोमीटर-सव्वा किलोमीटरपर्यंत पसरला.

आता त्या मुलाचे उत्तर. काठ उंच आहे आणि बाहेरचा उतार बाहेरच्या दिशेने आहे. म्हणून माळावर पडलेला पाऊस विवरात शिरतच नाही, पाठ फिरवून दूर निघून जातो. आत येते ते फक्त विवराच्या स्वतःच्या भिंतींवरचे पाणी आणि तेवढीच माती. आमचे शेततळे आजूबाजूच्या दहा शेतांची माती पिऊन चार वर्षांत तुडुंब होते. लोणारला खायला फक्त स्वतःचेच अंग आहे. काठाला मोठी फट एकच, ईशान्येला, धारेपाशी. तिथे बारमाही झरा आहे, गोमुख आहे, आणि त्या पाण्याने काठ खाऊन आत दरी कोरली आहे. दरीतून उतरलेली माती तळाशी पंख्यासारखी पसरली आहे. विवराला म्हातारपण आले असेल तर ते तिथून येते आहे.

बुजले नाही, हेही तितकेसे खरे नाही म्हणा. दीडशे मीटर उरले आणि शंभर मीटर भरले. म्हणजे पाचांतले दोन वाटे गाळाने केव्हाच गिळले. किती वर्षांत? इथे तज्ज्ञांत मोठाच वाद आहे. धक्क्याने झालेल्या काचेवर एका पद्धतीने केलेल्या मोजणीत वय निघाले सुमारे ५२ हजार वर्षे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन वायूच्या मोजणीत निघाले सुमारे ५ लाख ७० हजार. मी आपला बाळबोध त्रैराशिक मांडून पाहिला. पहिले वय धरले तर गाळ वर्षाला दोन मिलिमीटर चढला. दुसरे धरले तर मिलिमीटरचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. विवराकडे नुसते पाहून निकाल लागत नाही. त्याचा काठ अजून धारदार आहे, भिंती उभ्या आहेत, चेहरा तरुण आहे. पण चेहऱ्यावरून वय ओळखायला तो माणूस कोणत्या हवेत राहिला हे आधी ठाऊक हवे.

हवेचे म्हणाल, तर तोच धोंडा आमच्याकडे पडला असता असे क्षणभर समजा. दगड तोच आहे, दख्खनचा काळा पाषाण. पण लोणारकडे वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे अडीच हजारांच्या वर. तिथे सपाट पठार, इथे एका अंगाला सह्याद्रीची भिंत. घाटाकडच्या बाजूने दोन-चार ओढ्यांनी पहिल्या काही हजार वर्षांतच काठ फोडून आत उडी घेतली असती, तळे भरले असते, पाण्याने खालच्या अंगाचा काठ फोडून भातसेकडे वाट काढली असती. पाच लाख वर्षांनी इथे एक गोलसर पाणथळ सखल माळ उरला असता, त्यावर भाताची खाचरे असती, आणि 'ह्या खाचरांना कधी पाणी कमी पडत नाही बुवा' असे म्हणण्यापलीकडे कुणी त्याची चौकशी केली नसती.

हे झाले लहान विवराचे. मोठ्या विवराचे आयुष्य निराळ्याच तऱ्हेने जाते, आणि खरी मौज तिथे आहे.

आपल्याला वाटते, मोठा धोंडा मोठा खड्डा पाडतो, म्हणजे लोणारचीच मोठी आवृत्ती. तसे होत नाही. चिखलाने भरलेल्या डबक्यात धोंडा टाकून पाहा. खळगा पडतो, पण दुसऱ्याच क्षणी मधला चिखल उसळून वर येतो आणि कडा आत कोसळतात. कठीण खडकाचेही तसेच होते. पृथ्वीवर साधारण दोन ते चार किलोमीटरपलीकडे विवर गेले की धक्क्याने खिळखिळा झालेला खडक काही क्षण पातळ पदार्थासारखा वागतो, तळ उसळतो, मध्यभागी डोंगर उभा राहतो आणि भिंती पायऱ्यापायऱ्यांनी खचतात. चंद्रावर गुरुत्व कमी, म्हणून तिथे हीच मर्यादा पंधरा-वीस किलोमीटरची. आणखी मोठा आघात झाला तर मधला डोंगरही टिकत नाही, त्याच्या जागी वर्तुळात वर्तुळे उमटतात. म्हणजे थोरला खड्डा जन्मल्याजन्मल्या स्वतःला अर्धामुर्धा बुजवूनच घेतो. रुंदीच्या मानाने तो परातीइतकाच खोल राहतो. लोणार त्याच्यापुढे वाटी.

तेवढ्यावर भागत नाही. एवढा खडक उडून गेला की तिथला भार हलका होतो, आणि खालचा तापलेला खडक लाखो वर्षे हळूहळू वर सरकत राहतो. खडक सरकतो म्हटले की आमच्या वर्गात हसतात. पण स्कँडिनेव्हियावरचे बर्फाचे ओझे वितळून दहाएक हजार वर्षे झाली, तरी बोथ्नियाच्या आखाताकाठची जमीन अजून वर्षाला सेंटिमीटरभर वर येते आहे. घडी मोडलेल्या गादीसारखे आहे ते. माणूस उठला तरी गादी लगेच फुगत नाही. चंद्राच्या तरुणपणी त्याचे पोट फार ऊन होते, म्हणून तेव्हाची कित्येक प्रचंड विवरे अशीच फुगून उथळ झाली. लहान विवराला हे सुख नाही. वरचा गार कवच त्याचा भार मुकाट्याने पेलून धरतो.

मग लाव्हा. लहानपणी आजीने चांदोबाचा ससा दाखवला नाही असे घर महाराष्ट्रात नसेल; संस्कृत कवींनी शशांक नि मृगांक म्हणून त्याचे हरिणही केले. तो ससा म्हणजे बुजलेली विवरे आहेत. इम्ब्रियम नावाचे विवर अकराशे किलोमीटरांहून रुंद; सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वीच्या एका आघाताने झाले. पुढे कोट्यवधी वर्षे त्याच्या तळातून लाव्हा पाझरत राहिला आणि परात काठोकाठ भरली. तो लाव्हा निवून झालेला दगड म्हणजे बेसॉल्ट, आमच्या कसारा घाटातल्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊच. लोणारला देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतात ते याचसाठी. बेसॉल्टात पडलेले इतके चांगले जपलेले विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ. चंद्र-मंगळावरच्या विवरांचे प्रात्यक्षिक इथे पायी हिंडून करता येते.

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, मग तिथली विवरे म्हातारी कशी होतात? बारीक उल्कांच्या अखंड माऱ्याने. झीज दहा लाख वर्षांत मिलिमीटरभर. १९६९ साली उमटलेली माणसाची पावले म्हणूनच तिथे लाखो वर्षे राहतील. पण चंद्राला वेळेचा तोटा नाही. काठ बोथट होतात, उतार लोळतात, उडालेल्या धुळीचे पांढरे पट्टे काळवंडतात, आणि थोरल्या विवराच्या पोटात धाकटी विवरे पडत जातात. दिवाळीची रात्र अमावास्येची, तेव्हा हे पाहायला कार्तिकी एकादशीपर्यंत थांबावे लागेल. साधी दुर्बीण मिळाली तर दक्षिणेकडचे क्लेव्हियस पाहा. २३० किलोमीटरचे आहे, आणि पोट धाकट्या विवरांनी देवीच्या व्रणांसारखे भरले आहे. त्याच्याजवळच टायको: ८५ किलोमीटर, मध्ये डोंगर, वय जेमतेम अकरा कोटी वर्षे, म्हणजे चंद्राच्या हिशेबात काल जन्मलेले पोर. त्रिपुरी पौर्णिमेला त्याचे पांढरे पट्टे नारळ आपटून फुटावा तसे पसरलेले दिसतील.

यापेक्षाही वृद्ध विवर सापडले ते आपल्याच यानाला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण भागात उतरले. ते कुठे उतरले याचा शोध घेताना अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या आणि इतर शास्त्रज्ञांना दिसले, की ती जागा सुमारे १६० किलोमीटरच्या एका पुरातन विवराच्या आत आहे. २०२४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. शेजारी अडीच हजार किलोमीटरचे एक महाविवर पुढे पडले, त्याच्या उडालेल्या राडारोड्याचा किलोमीटरभराहून जाड थर या आधीच्या विवरावर बसला, आणि बिचारे दिसेनासेच झाले. त्याचा काठ नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही.

शुक्रावर पाणी नाही, म्हणून तिथली विवरे पाहायला ताजी दिसतात. मात्र साऱ्या ग्रहाचीच कातडी मधल्या काळात नवी झाली असल्याने जुने विवर तिथे औषधालाही नाही. बुधावर चंद्रासारखाच प्रकार आहे. मंगळाची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे एके काळी नद्या होत्या. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे यान जिथे उतरले, त्या जेझेरो विवराचा काठ एका नदीने फोडला, आत सरोवर केले, मुखाशी गाळाचा त्रिभुज टाकला आणि दुसरीकडून काठ फोडून ती निघून गेली. उंबरमाळीबद्दल मी वर जी कल्पना रंगविली ती मंगळावर साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी घडून गेली आहे. त्याहून विलक्षण गेल नावाचे विवर. १५४ किलोमीटर रुंद. आणि मधोमध पाचेक किलोमीटर उंचीचा डोंगर, थरावर थर असलेल्या गाळाचा. बहुतेक अभ्यासकांचे मत असे, की हे विवर गाळाने फार वरपर्यंत भरले होते आणि नंतर वाऱ्याने भोवतालचा गाळ पुन्हा उपसून नेला. उरला तो डोंगर. उपसणारा कुणी नसला तरी गाळ उपसला जातो, फक्त घाई नको!

तसलेच एक आपल्या शेजारी आहे. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात ढाला म्हणून जागा आहे. सुमारे अकरा किलोमीटरचे विवर, वय १७० कोटी वर्षांहून अधिक. जाऊन पाहाल तर खड्डा नाहीच. मध्ये सपाट माथ्याची टेकडी आहे. विवरात पुढे साचत गेलेल्या गाळाचा दगड झाला. भोवतालचे झिजत गेले आणि तो मागे उभा राहिला. खड्ड्यातला गाळ टेकडी झाला. भाषेतसुद्धा असे होते. मूळ अर्थ झिजून जातो आणि नंतर भरलेला अर्थच उंच उभा राहतो. 'विवर' आणि 'विवरण' हे दोन्ही शब्द 'उघडणे' या एकाच धातूपासून आले, हे आज विवरण करणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असते?

पृथ्वीवर आजवर खात्रीने ओळखलेली आघात-विवरे दोनशेच्या आसपासच आहेत. चंद्रावर मोजता मोजता माणूस थकतो. पृथ्वीला मार कमी बसला असे मुळीच नाही. तिने लपवले, पुसले, गिळले. दक्षिण आफ्रिकेतले व्रेडेफोर्ट सर्वांत वडील मंडळींत मोडते: वय २०२ कोटी वर्षे, जन्माच्या वेळी रुंदी अडीचशे ते तीनशे किलोमीटर. त्यानंतर त्या भूमीचा वरचा कित्येक किलोमीटर जाडीचा थर झिजून गेला. काठ गेला, तळ गेला, तळाखालचा चुराही बहुतेक गेला. आज दिसते ती त्याच्या पायाची मुळे. पण याच विवराने आपल्या भोवतीचे सोन्याचे थर खाली दाबले होते, आणि दबले म्हणून ते झिजेतून वाचले. जोहान्सबर्गच्या आसपासच्या त्या सोन्याच्या खाणी जगप्रसिद्ध आहेत.

दबलेले वाचते, याचा मोठा दाखला मेक्सिकोत आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी चिक्षुलूब इथे सुमारे १८० किलोमीटरचे विवर पडले. डायनोसॉरांच्या नाशाशी त्याचे नाव जोडले जाते. सांगायला हरकत नाही, आमचा सह्याद्री थरावर थर चढत होता तोही साधारण याच काळात. नाशाचा दोष कुणाकडे किती, यावर तज्ज्ञांची भांडणे अजून चालू आहेत. पण मला त्यापेक्षा निराळ्या गोष्टीने खिळवून ठेवले. ते विवर आज किलोमीटरभर चुनखडीखाली पुरलेले आहे. वरून पाहावे तर सपाट जंगल. मात्र त्या जंगलात नैसर्गिक विहिरींची एक भलीमोठी अर्धवर्तुळाकार रांग आहे. सेनोते म्हणतात त्यांना. गाडलेल्या काठावरची चुनखडी खचते, तडकते, त्या तड्यांतून भूजल वाहते आणि छत कोसळून विहीर उघडी पडते. साडेसहा कोटी वर्षांनंतरही, डोळ्यांना न दिसणारे विवर, कुणाच्या दारात पाणी लागेल हे ठरवते आहे! मे महिन्यात पाणाड्याला नारळ घेऊन शिवारभर फिरवणाऱ्या आमच्या गावाला ही गोष्ट सांगितली, तेव्हा कुणी हसले नाही.

पाण्याचा विषय निघाला म्हणून पुन्हा लोणारच्या गाळाकडे येतो. तो नुसती माती नाही, ती वहीच आहे. तळ्यातल्या गाळाचा सुमारे दहा मीटरचा गाभा काढून शास्त्रज्ञांनी गेल्या अकरा हजार वर्षांचा पाऊस वाचला. पाणी फार आटले की त्यात गेलुसाइट नावाचे खडे धरतात. ज्या थरात खडे, तो दुष्काळ. त्यांना दोन लांबलचक कोरडी पर्वे सापडली: एक आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचे, दुसरे सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. म्हणजे लीळाचरित्राचा काळ दुसऱ्या पर्वात येतो. पूर्वी मी त्या ग्रंथातली गावे, तळी, भिक्षा हे भाषेचे नमुने म्हणून वाचीत असे. आता कुठे पाण्याचा उल्लेख आला की थांबतो.

अकरा हजार वर्षांत दहा मीटर म्हणजे वर्षाला मिलिमीटरच्या आतबाहेर. हा वेग वर सांगितलेल्या दोन वयांपैकी कुणाच्याच त्रैराशिकात नीट बसत नाही. वरचा गाळ भुसभुशीत, खालचा दबलेला, शिवाय पावसाचे मानही बदलत गेलेले. माझ्या गणिताचे फारसे मनावर घेऊ नये. पण पृथ्वीवर कुठल्याही विवराच्या तळाशी अशी पाऊसपाण्याची वही सापडतेच असे नाही, आणि ही टिकली ती त्या वीस मीटर उंच काठामुळे. बाहेरचे पाणी आत आले असते तर पाने केव्हाच वाहून गेली असती.

आता मात्र बाहेरचे आत येऊ लागले आहे. गावाचे सांडपाणी उतरल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. उतारावर विलायती बाभूळ माजली. २०२० च्या जूनमध्ये तळे एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी शकुन-अपशकुनाच्या गप्पा मारल्या. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला की फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता, असे पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या तपासणीत निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा मान मिळाला. मान मिळाला हे उत्तम झाले. पण माझ्या मते मान त्या पाण्याइतकाच काठालाही हवा. त्या काठावर टेकू दिलेली प्रत्येक भिंत, तिथून खाली सोडलेली प्रत्येक मोरी म्हणजे धारेसारखी आणखी एक फट, आणि ही फट पाडायला पाच लाख वर्षे लागत नाहीत.

लोणारपासून सातशे मीटरांवर उत्तरेला अंबर तळे म्हणून एक लहानसा खळगा आहे, सुमारे तीनशे मीटर रुंद. त्याला छोटे लोणार म्हणतात. मूळ धोंड्याचा एक तुकडा वाटेत तुटून तिथे पडला, असे काहींचे मत आहे. इतरांना ते पटत नाही, कारण खात्री पटेल असा धक्क्याचा पुरावा तिथून मिळालेला नाही. मी गेलो तेव्हा ऊन उतरत होते. काठ इतका बसका झाला आहे, की कुणी बोट दाखवल्याशिवाय तो काठ आहे हेच कळत नाही. त्यावर शेळ्या चरत होत्या, आणि राखणारा पोरगा सावलीला झोपला होता.